आठ मैलांचा गुडघा

बोरीच्या पेठेत आमचं किराण्याचं दुकान होतं, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी पळालो असेन तर ते फक्त अवकाळी पावसात वाळवणाच्या मिरच्या गोळा करायला. आम्ही लिंगायत वाणी. सकाळी लिंगाची पूजा करायची, कपाळाला भस्म लावायचं आणि दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, हेच आमच्या घरातल्या पुरुषांचं आयुष्य. तरी मी एक शर्यत पळालो. एकच. ती जिंकायला नव्हे, एका माणसाला मोडायला पळालो. आज पन्नास वर्षं होत आली, तरी तो दिवस आठवला की मला बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून पश्चात्तापाची वाट बघणार नाही.

तो माणूस माझा दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करत होतो. इथं कागदावर मात्र तो 'तो'च राहील. झरीचा राहणारा, घरची काळीभोर जमीन, अंगानं शिडशिडीत, आणि पळण्यात त्याला गाठणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. शिवरात्रीला आमच्या महादेवाची जत्रा भरायची, तेव्हा झरीच्या वेशीपासून बोरीच्या देवळापर्यंत शर्यत व्हायची. सरकारी सडकेनं बारा मैल. निजाम सरकारनं सडकेला मैलाचे दगड बसवले होते, त्यामुळं कोण कुठं मागं पडला हे लोकांना दगडासकट पाठ असायचं. पाच वर्षं ओळीनं तोच पहिला आला होता. तहसीलचे पेशकार, म्हणजे नायब तहसीलदार, स्वतः त्याच्या डोक्याला जरीचा मंदील बांधायचे, आणि तो त्या थाटात पेठेतून वाजतगाजत निघायचा.

अक्काच्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि मूल झालं नाही. त्यानं दुसरी बायको केली. त्या काळात करत असत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते गिळलं. पण एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, त्याची बैलगाडी आमच्या वेशीत येऊन थांबली. गाडीत अक्का, आणि तिच्या मांडीवर एक गाठोडं. त्यानं तिला तिथंच उतरवलं. घरापर्यंतसुद्धा आणलं नाही. बाजाराला आलेल्या माणसांसमोर गाडी वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाण्याला सांगा, तुजा माल वापस आणलाय. पीक येत न्हाई यात."

अक्का पदर पुढं ओढून वेशीपासून दुकानापर्यंत चालत आली. मी गादीवर होतो. हातातली तागडी तशीच धरून तिच्याकडं बघत राहिलो. उठलोसुद्धा नाही. त्या न उठण्याची लाज आणि त्याच्यावरचा राग, दोन्ही मिळून माझ्या पोटात बसले ते बसलेच.

त्यानंतरच्या शिवरात्रीला तो पुन्हा पहिला आला. हलगी वाजवत मिरवणूक पेठेतून चालली होती. आमच्या दुकानासमोर त्यानं हात वर करून वाजंत्री थांबवली.

"काय तागडीवाले, चिंच हाय का चांगली? घरी डोहाळे लागलेत."

आत भिंतीपलीकडं अक्का डाळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला. आप्पांनी मान खाली घालून चिंच बांधून दिली. तो पुडा झेलत निघून गेला आणि बऱ्याच वेळानं सूप पुन्हा वाजायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतराचा काचा मारला आणि झरीच्या सडकेनं पळत सुटलो.

पहिल्या दिवशी अर्ध्या मैलावर मला उलटी झाली. शेताकडं चाललेले लोक बैलं थांबवून बघत होते. वाण्याचं पोरगं पळतंय म्हणजे घरी काही घडलंय की काय, असं वाटून एक जण तर दुकानात चौकशी करून आला. पण रागाला दम लवकर येतो. पंधरा दिवसांत मी दोन मैल पळू लागलो, महिन्यात चार. मला वाटलं, असंच वाढवत गेलं की झालं. रोज पळायचो, एक दिवस सोडायचो नाही, तेही सडकेच्या कडक मुरुमावरून, अनवाणी.

मग उजवा गुडघा बोलायला लागला. आधी नुसती कुरकुर. उतारावर पाय टाकला की वाटीखाली कुणी तापलेला खडा ठेवल्यासारखं व्हायचं. चढावर काही नाही. मग सपाटीवरही दुखायला लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे दुकान. तासभर मांडी घालून बसलं की गुडघा असा आखडायचा की गिऱ्हाइकाला मीठ द्यायला उठताना मी दोन्ही हातांनी फळी धरायचो. शेवटी पाय लांब करून बसायला लागलो. आप्पा खवळले.

"गिऱ्हाइकाकडं पाय करून बसायलास? हे दुकान हाय का धर्मशाळा?"

"गुडघा दुखतोय आप्पा."

"दुखणारच. वाण्यानं पळायचं असतं व्हय कुटं?"

एकानं बिब्बा लावायला सांगितला. मी लावला आणि तो असा उतला की गुडघ्यावर फोड येऊन आठ दिवस पाय जमिनीला टेकवेना. अक्कानंच मग ते बघितलं. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. शेकताना एकदा तिनं सरळ विचारलं, "कशापायी पळायलास तू?"

"असंच. मंदील पाहिजे."

"खोटं बोलू नको. त्याच्यापायी पळायलास. पळ. पण मधी माजं नाव आणू नको. मी काय तुला सांगितलं न्हाई."

तिच्या आवाजात माया नव्हती, चीडही नव्हती. तिनं पुरचुंडी पुन्हा तव्यावर टेकवली आणि नको इतकी गरम करून माझ्या गुडघ्यावर ठेवली.

पावसाळ्यात जमादार भेटले. निजामाच्या पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले म्हातारे मुसलमान गृहस्थ. गावाबाहेरच्या बारवेजवळ त्यांचं घर होतं. गाव त्यांना जमादारचाचा म्हणायचं. मी लंगडत पळताना दिसलो की ते दातवण करत बघत असायचे. एका सकाळी त्यांनी हाक मारली, "क्या शेटजी, कर्जा डुबाके भागे क्या?"

मी थांबलो. त्यांनी मला बारवेच्या पायऱ्या उतरायला लावल्या, मग चढायला, मग एका पायावर बसायला. गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून हलवली. मग माझी मांडी चिमटीत धरली आणि तोंड वाकडं केलं.

"घुटने का कसूर नहीं। घुटना नौकर है, मालिक तो ये रान है। और तुम्हारी रान है पापड।"

रान म्हणजे त्यांच्या भाषेत मांडी. पलटणीत त्यांनी असे पुष्कळ गुडघे बघितले होते. पहिला हुकूम झाला: सडकेवर पळणं बंद. दुसरा: रोज पळणं बंद, एक दिवसाआड. तिसरा हुकूम मला सगळ्यात जड गेला: एक महिना नुसतं चालायचं, बारवेच्या पायऱ्या फक्त चढायच्या आणि उतरताना वळसा घालून मागच्या उताराच्या वाटेनं सावकाश यायचं. भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठकीत थांबायचं, मांड्या थरथर कापेपर्यंत. मी रागानं म्हणालो, "चाचा, असं बसून कुणी शर्यत जिंकतं का?"

"नक्को करो फिर। जाओ, तागडी पकडो।"

तो शब्द त्यांनी मुद्दाम वापरला होता. मी भिंतीला पाठ लावली.

लढाईचे दिवस होते. साखर आणि रॉकेल महिनामहिना यायचं नाही, दुकानात काम थोडं असायचं. मी सकाळी जमादारांकडं जायचो. बैठकीत मांड्या पेटल्या की डोळे मिटून वेशीतली ती गाडी बघायचो; मग आणखी थोडा वेळ निघायचा. दसऱ्यानंतर त्यांनी मला ओढ्याच्या वाळूत पळू दिलं, मग कापणी झालेल्या मुगाच्या रानातून, आणि शेवटी सडकेवर. चार मैल, पाच, सहा. गुडघा गप्प होता. पौषात मी आठ मैल पळालो, आणि तेही असे की जमादारांनी पोराटोरासारखी टाळी वाजवली.

पण आठाच्या पुढं गुडघा जाईना. नवव्या मैलाला तोच तापलेला खडा. थांबलो, आठ दिवस विसावा घेतला, पुन्हा गेलो. पुन्हा आठ. तीनदा असं झालं. शिवरात्र वीस दिवसांवर आली होती. जमादार म्हणाले, "अगले साल। अगले साल बारा भी होंगे, और जीतोगे भी।"

त्याच्या घरी पावसाळ्यात मुलगा झाला होता. यंदा तो मुलाला घेऊन जत्रेला येणार, मंदील बांधून, मुलाला खांद्यावर घेऊन आमच्या दुकानासमोरून जाणार, हे साऱ्या पेठेला माहीत होतं. पुढचं वर्ष माझ्या कामाचं नव्हतं.

मी त्या दिवशी बारवेच्या काठावर बसून विचार केला. माझ्याजवळ बारा मैल नव्हते, आठ होते. मग आठ मैलांत काय करता येईल? तो कसा पळतो हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. पहिले नऊ मैल तो कुणाच्या तरी मागं निवांत राहायचा, आणि शेवटच्या तीनात सगळ्यांना धुऊन काढायचा. म्हणजे त्याला जिंकायला ते नऊ मैल निवांत मिळाले पाहिजेत. ते मी मिळू द्यायचे नाहीत. आठ मैल मी असा पळणार की माझ्या मागं राहायचं तर त्याची आतडी तोंडात यावीत. तो मला सोडून देऊ शकला असता. दुसरा कुणी पुढं असता तर सोडलंही असतं. पण तागडीवाला पुढं गेलेला त्याला सोसणार नाही, यावर मी माझा गुडघा लावायला तयार होतो.

जमादारांना सांगितलं. त्यांनी दाढी कुरवाळली.

"ये दौड नहीं हुई। ये तो बदला हुआ।"

"हौ."

"और घुटना?"

"जाईल तर जाईल."

त्यांनी नापसंतीनं मान हलवली. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला एक मैल फुफाट पळवायचं, मग शंभर पावलं चालवायचं, पुन्हा फुफाट, असं सुरू केलं.

शिवरात्रीच्या सकाळी झरीच्या वेशीत आम्ही बारा-तेरा जण उभे होतो. त्यात एक टपालाची थैली वाहणारा हरकारा होता, काळा, बुटका, कुणाशी न बोलणारा. तो दरवर्षी तिसरा-चौथा यायचा. सगळं गाव दाजीच्या बाजूचं. मला बघून दाजी मोठ्यानं हसला.

"मेव्हणे! तुमी? शेर-दोन शेर वजन कुटं ठिवलं?"

मी जवळ जाऊन नमस्कार केला आणि शक्य तितक्या अदबीनं म्हणालो, "दाजी, माज्या मागं धूळ लय उडंल. तोंडावर फडकं बांधून घ्या."

त्याचं हसू गेलं. तेवढ्यात पेशकारांच्या माणसानं रुमाल खाली टाकला.

मी सुटलो तो जनावर मागं लागल्यासारखा. पहिल्या मैलालाच बाकीचे ओरडले, येडा झाला वाणी म्हणून. दुसऱ्या दगडाला मागं वळून बघितलं तर तो तीस पावलांवर होता, आणि बाकीचे कुठंच नव्हते. तिसऱ्या दगडाला दहा पावलांवर. मला इतका आनंद झाला की मी आणखी वेग वाढवला. ओढ्याच्या उतारावर वाटीखाली पहिली कळ आली. तिथं त्यानं मला गाठलं आणि मागं टाकलं. चढावर मी पुन्हा त्याच्या पुढं गेलो. जाता जाता विचारलं, "दमलात व्हय?"

त्यानं आईवरून शिवी दिली. शिवी द्यायलासुद्धा त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

पाचवा, सहावा. ऊन वर आलं होतं. मागून भात्यासारखा आवाज येत होता. मी पाच-पन्नास पावलं हळू व्हायचो, तो बरोबरीला आला की पुन्हा सुटायचो. तो प्रत्येक वेळी यायचा. एकदाही त्यानं मला सोडलं नाही. त्याच्या मगरुरीनं माझं काम माझ्यापेक्षा चोख केलं. सातव्याला गुडघ्याचा खडा वाटीतून मांडीपर्यंत पेटत गेला. मी तोंडात धोतराचा सोगा धरला आणि चावत पळालो. आठवा दगड दिसला, आणि दगडाच्या अलीकडंच पाय माझ्या खालून निघून गेला. मी सडकेवर पडलो.

तो माझ्याजवळून गेला. थांबला नाही, पण वळून थुंकला आणि म्हणाला, "बस इथं. तागडी धर."

दगडाला टेकून बसलो आणि त्याची पाठ लहान होत जाताना बघत राहिलो. तो अजून पळतच होता. वर्ष गेलं, गुडघा गेला, आणि मंदील त्याच्याच डोक्यावर जाणार. त्या वेळी मी रडलो, तेही लिहून टाकतो.

बऱ्याच वेळानं हरकारा आला. त्याच्या नेहमीच्या चालीनं, थैली नसली तरी खांदा किंचित कललेला. माझ्याकडं बघून फक्त "पाणी पिऊन घ्या" म्हणाला आणि गेला. मग जत्रेला निघालेली एक गाडी आली. गाडीवाला आमच्या गिऱ्हाइकांतला. त्यानं मला उचलून आत घेतलं.

दहाव्या दगडाच्या थोडं पुढं, बाभळीखाली गर्दी दिसली. तो तिथं पडला होता. दोन्ही पिंढऱ्यांत आणि मांड्यांत गोळे आले होते. दोन माणसं त्याचे पाय ओढत होती आणि तो बाईसारखा नाही, लहान लेकरासारखा ओरडत होता. कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी घालत होतं. जीवाला धोका काही नव्हता, हे मी बघून घेतलं. गाडीवाल्यानं बैल थांबवले.

"घ्यावं का वर? तुमचेच पाव्हणे हायेत."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "नको. त्यांना गाडीत बसायची सवय न्हाई. ते दुसऱ्याला आणून सोडतेत."

गर्दीतलं कुणी तरी हसलं. ते हसू दोन-चार जणांत पसरलं. मी गाडीवाल्याला म्हटलं, "हाणा."

मंदील हरकाऱ्याला मिळाला. पेशकारांनी बांधला तेव्हा तो त्याच्या कानावर आला, इतकं त्याचं डोकं लहान होतं. बाभळीखालच्या माणसाला घरी न्यायला झरीहून त्याचे भाऊ आले. पेठेतून त्या वर्षी मिरवणूक निघाली नाही.

घरी अक्कानं माझा सुजलेला पाय बघितला आणि शर्यतीचं काही न विचारता निर्गुडी आणायला निघाली. मीच सांगितलं. ती उंबऱ्यात थांबली.

"कितव्या मैलाला पडला?"

"धाव्या."

"उठता येईना?"

"उचलून नेला."

ती उंबऱ्यातून परत आत आली. मग म्हणाली, "उद्या सकाळी गाडी सांग. मला झरीला जायचंय."

आप्पा घाबरले, त्यांना वाटलं, ती नांदायला परत चालली. मलाही तसंच वाटलं, आणि संतापानं माझी झोप उडाली. सकाळी मी हट्टानं तिच्याबरोबर गाडीत बसलो, पाय लांब करून.

त्याच्या घराच्या ओसरीवर तो बाजेवर पडला होता. त्याची आई पायांना तेल चोळत होती. अक्का त्याच्यासमोरून, पदर न ओढता, सरळ आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती आप्पांनी लग्नात दिलेला तांब्याचा हंडा घेऊन. गाडीत ठेवला. पुन्हा आत. परात, समया, दोन घागरी, तिनं स्वतः शिवलेली वाकळ. पाचव्या खेपेला धान्याची मोठी पितळी टाकी तिला एकटीला उचलेना. तेव्हा आतून त्याची दुसरी बायको आली. वय असेल सतरा-अठरा. कडेवर मूल. तिनं मूल सासूच्या मांडीवर ठेवलं, टाकीचा दुसरा कान धरला आणि दोघींनी मिळून ती गाडीपर्यंत आणली.

तो ओरडला, "कुणाला इचारून न्यायलीस?"

अक्का ओसरीसमोर थांबली. शेजारपाजारचे लोक आपापल्या दारांत आले होते. ती शांतपणे म्हणाली, "उठा की. उठून अडवा."

त्यानं दोन्ही हात बाजेवर रेटले. कंबर उचलली. पाय खाली सोडताच त्याचा चेहरा पिळवटला आणि तो पुन्हा मागं पडला. अक्का तो पडेपर्यंत थांबली. मग गाडीत चढली.

वाटेत मी तिला म्हणालो, "कालपासून मला वाटत होतं, मी लय मोठं केलं."

"केलंस की," ती म्हणाली. "पण मला इचारून केलं असतंस तर गाडी कालच नेली असती." मग ती हसली. वेशीत उतरल्या दिवसापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या शिवरात्रीला तो पुन्हा उतरला शर्यतीत. पण तोपर्यंत अक्काचे शब्द झरीपासून बोरीपर्यंत सगळ्या सडकेला पाठ झाले होते. तो जवळ आला की रानातले लोक कामं थांबवून ओरडायचे, "उठा की! उठून अडवा!" सहाव्या मैलाला तो एकाच्या अंगावर दगड घेऊन धावला, आणि तिथंच त्याची शर्यत संपली. नंतर तो कधी पळाला नाही.

माझा गुडघा काही सुधारला नाही. जमादार दोन वर्षं धडपडले. मग त्यांनीही सोडून दिलं. मला मांडी घालता येत नाही म्हणून दुकानाची गादी अक्कानं घेतली आणि माल आणायचं, उधारीवर ओरडायचं काम माझ्याकडं आलं. बाईमाणूस तागडी धरतंय म्हणून पहिले काही दिवस कुजबूज झाली. पण वजन चोख असायचं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत जमादार हैदराबादेला मुलाकडं निघून गेले. जाताना भेटायला आले, तेव्हा त्यांनी पुन्हा गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून हलवली आणि म्हणाले, "अगले साल दौडते तो जीत जाते।"

मी म्हणालो, "जीतके क्या करता, चाचा?"

त्यांना माझं म्हणणं पटलं नाही. ते शिपाई होते. त्यांच्या मते शर्यत जिंकायचीच असते. आम्ही गाडी हलेपर्यंत त्यावरच भांडत होतो.